फसलेल्यांची बाजू

कोणी फसला अशी वार्ता कानीं आली म्हणजे आपल्या तोंडून निघणारा पहिला प्रश्न ठकाविषयीं नसतो. "अहो, पण यांना कळलें कसें नाहीं?" असें आपण विचारतों, आणि उत्तराची वाट न पाहतां "लोभ, दुसरें काय!" हें उत्तरहि आपणच देऊन मोकळे होतों. २०२५ सालीं शिर्डी येथें भरघोस परतावा देऊं म्हणणाऱ्या गुंतवणुकीच्या एका कंपनीविरुद्ध तक्रारी दाखल झाल्या, आणि पैसे गुंतविणारांत साईबाबा संस्थानाच्या नोकरवर्गांतील मंडळीहि असल्याचें वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झालें, तेव्हां हाच प्रश्न व हेंच उत्तर मीं दहा ठिकाणीं तरी ऐकलें. त्यांत एक बोचरी भर होती : बाबांच्या पायांशीं राहून यांस एवढें कळूं नये! त्या प्रकरणाचा निवाडा न्यायालयानें करावयाचा आहे. तो माझा विषय नव्हे. माझा विषय आपलें उत्तर हा आहे. तें उत्तर चुकीचें आहे, आणि तें आपल्या मनांत ठसविण्यास आपलें वाङ्मय बरेंच कारणीभूत झालें आहे, असें मला वाटतें.

मराठी रंगभूमीवर फसणारा मनुष्य बहुधा हंसण्याकरितांच येतो. देवलांच्या 'संगीत शारदा' नाटकांतील (१८९९) भुजंगनाथ पाहा. स्वतःला तरुण समजण्याची त्याची हौस आणि ती हौस पुरवून आपली दलाली साधणारा भद्रेश्वर दीक्षित, ही जोडी समोर आली कीं प्रेक्षकांच्या मनांत दयेला जागाच उरत नाहीं. देवलांचा हेतु थोर होता. जरठ-कुमारी विवाहाच्या चालीवर त्यांस आघात करावयाचा होता, आणि तेथें म्हाताऱ्याची कींव करणें म्हणजे त्या कोंवळ्या मुलीशीं बेइमानी करणें झालें असतें. पण त्या एका म्हाताऱ्यास योग्य असलेलें माप आपण पुढें सगळ्याच फसलेल्यांना लावूं लागलों. इंग्रजी नाट्यवाङ्मयांतहि हीच दृष्टि आढळते. बेन जॉन्सनच्या 'आल्केमिस्ट' नाटकांत (१६१०) प्लेगच्या भयानें घरमालक लंडन सोडून गेला आहे, आणि त्याच्या रिकाम्या घरांत त्याचाच नोकर दोन साथीदारांसह परिसाचें दुकान थाटतो. जुगारांत जिंकूं पाहणारा कारकून, दुकानास बरकत यावी म्हणून आलेला तंबाखूवाला, सारें जग सोन्याचें करूं निघालेला सरदार, अशीं गिऱ्हाइकें एकामागून एक येतात. ठक प्रत्येकाला त्याच्या मनांतलेंच स्वप्न विकतो, आणि जॉन्सन प्रत्येकाला त्याच्याच हांवेचें फळ पदरांत घालून वाटेला लावतो. मीं हें नाटक पुष्कळ वर्षें वर्गांत शिकविलें आणि पुष्कळ वर्षें मुलांबरोबर हंसलों. लोभाचें चित्र म्हणून तें अजोड आहे. परंतु लोभी मनुष्य फसतो, एवढ्यावरून फसलेला तो लोभीच, असें ठरत नाहीं. तर्कशास्त्राच्या पहिल्याच पाठांत ही चूक मुलांना दाखवून दिली जाते. व्यवहारांत ती आपण रोज करतों.

आपल्याकडे याहून जुनी आणि याहून खरी गोष्ट आहे. ती लहानपणीं ऐकून आपण विसरून गेलों आहों. पंचतंत्रांतील मित्रशर्मा ब्राह्मण यज्ञाकरितां मिळालेला बोकड खांद्यावर घेऊन घरीं चालला असतां तीन ठक त्याला वाटेंत थोड्याथोड्या अंतरावर भेटतात. तुझ्या खांद्यावर आहे तो बोकड नव्हे, कांहींतरी अमंगळ आहे, असें तिघेहि त्याला सांगतात. पहिल्यावर तो रागावतो, दुसऱ्याच्या वेळीं साशंक होतो, आणि तिसरा भेटल्यावर बोकड टाकून पळत सुटतो. आतां या ब्राह्मणाला लोभ कोठें होता? तो कांहीं मिळविण्यासाठीं फसला नाहीं. हातांत असलेलें टाकून देण्यास फसला. त्याचे डोळे धड होते, बोकडाचें ओझें खांद्याला जाणवत होतें. तरीहि त्यानें आपल्या डोळ्यांपेक्षां तीन माणसांच्या साक्षीला अधिक मान दिला. तसा मान देणें हें कांहीं मूर्खाचें लक्षण नव्हे. आपण सर्वजण असेच जगतों. वैद्यानें दिलेल्या पुडींत काय आहे हें मीं कधीं तपासलें नाहीं. ज्या पुलावरून आगगाडी जाते त्याचे खांब मीं ठोकून पाहिले नाहींत. एकमेकांशीं संबंध नसलेल्या तीन माणसांनीं एकच गोष्ट सांगितली तर ती खरी धरून चालावें, हा शहाण्याचाच नियम आहे. ठकांनीं मित्रशर्म्याच्या मूर्खपणाचा फायदा घेतला नाहीं. त्याच्या शहाणपणाचा घेतला.

आजच्या गुंतवणुकीच्या फसवणुकींत या कथेहून एकच फरक आहे, आणि तो भयंकर आहे. त्या वाटेवरचे तिघेहि ठक होते. आजचे तिघे साव असतात. १९२० सालीं बोस्टन शहरांत चार्ल्स पाँझी यानें ४५ दिवसांत शेंकडा ५० नफा देऊं केला. परदेशीं टपालकूपनांच्या व्यापारांतून हा नफा होतो असें तो सांगे. प्रत्यक्षांत मागाहून येणाराचे पैसे आधीं आलेल्याच्या हातावर ठेवी. या युक्तीचें सामर्थ्य थापेंत नाहीं, पहिल्या हप्त्यांत आहे. पहिल्या माणसाला पैसे खरोखरच मिळतात. तो घरीं जाऊन शेजाऱ्यास सांगतो, कचेरींत सोबत्यास सांगतो, लग्नकार्यांत व्याह्यास सांगतो, आणि देवासमोर हात ठेवून सांगावें इतकें खरें सांगतो. २०२५ च्या जानेवारींत मुंबईस दादर येथें टोरेस नांवाच्या दुकानापुढें जी रडारड झाली, २०२४ सालीं आमच्याच अहिल्यानगर जिल्ह्यांतील शेवगांव तालुक्यांत शेअरबाजाराच्या नांवावर जे व्यवहार झाले, त्या सर्वांत जाहिरातीपेक्षां या प्रामाणिक तोंडांनींच अधिक काम केलें. ज्या वस्तींत सगळे एकमेकांना ओळखतात, एकाच ठिकाणीं नोकरी करतात, एकाच आरतीला उभे राहतात, तेथें फसवणूक लवकर पसरते याचें कारण हेंच. तेथें अविश्वास दाखविणें म्हणजे योजनेवर नव्हे, तर समोरच्या माणसावर अविश्वास दाखविणें होतें, आणि तेवढी भीड मोडणें सज्जनाला साधत नाहीं.

डिकन्सला हें कळलें होतें. 'लिटल डॉरिट' या कादंबरींत (१८५५-५७) मर्डल नांवाचा एक मोठा सावकार आहे. सारें लंडन त्याच्या पायांशीं लोटलें आहे. पण कथानायक आर्थर क्लेनम याला मर्डलनें फसविलेलें नाहीं. त्याला मर्डलकडे पोंचवितो तो पँक्स. हा पँक्स आंकडेमोडींत तरबेज, मनानें प्रामाणिक आणि क्लेनमचा खरा हितचिंतक आहे. त्यानें स्वतः हिशेब करून पाहिला आहे, स्वतःचे पैसेहि त्यांत घातले आहेत. क्लेनम भागीदारीची रक्कम मर्डलच्या उद्योगांत घालतो आणि शेवटीं कर्जदारांच्या तुरुंगांत जाऊन बसतो. पँक्सनें त्याचें मन वळविलें त्या प्रकरणाला डिकन्सनें साथीच्या रोगाचें नांव दिलें आहे. साथ लोभानें लागत नाहीं, संगतीनें लागते. आणि ती आणून देणारा बहुधा घरचाच असतो.

हें सर्व मी पुस्तकांतून शिकलों असें म्हटलें तर तें खोटें होईल. कांहीं वर्षांपूर्वीं, वर उल्लेखिलेल्या प्रकरणांपैकीं कशाशींहि संबंध नसलेल्या एका योजनेंत, मीं एका सहकाऱ्याच्या सांगण्यावरून थोडी रक्कम गुंतविली. चार महिने ठरल्या दिवशीं व्याज आलें. माझी थोरली बहीण शिर्डीस राहते. यजमान गेल्यापासून घराच्या दोन खोल्या ती यात्रेकरूंना देते आणि त्यावर तिचें चालतें. भाऊबीजेस तिच्याकडे गेलों असतां ओवाळून झाल्यावर मीं सहज ही गोष्ट काढली.

"खात्रीचें आहे का रे?" तिनें विचारलें.

"मला मिळताहेत, अक्का," मी म्हणालों.

या वाक्यांत एकहि शब्द खोटा नव्हता. तिनें यजमानांच्या मागें राहिलेली रक्कम त्यांत घातली, आणि पुढच्या पावसाळ्याच्या तोंडीं तें कार्यालय बंद झालें. तिला काय लोभ होता? दोन्ही खोल्यांचें छत गळत होतें, तें व्याजांतून दुरुस्त करावें, एवढाच. तिनें त्या योजनेवर विश्वास ठेवलाच नव्हता. तिनें माझ्यावर ठेवला होता. 'आल्केमिस्ट' शिकवितां शिकवितां ज्याचे केस पांढरे झाले तो मनुष्य आपल्या बहिणीच्या वाटेवर दुसरा ठक होऊन उभा होता, आणि त्याला तें ठाऊक नव्हतें. तिनें मला शब्दानें दोष दिला नाहीं. "तुझे तरी परत आले का रे?" एवढेंच विचारलें. वर्षभर तिनें कोठेंहि तक्रार केली नाहीं. मीं कारण विचारलें तेव्हां ती म्हणाली, "कोणाच्या सांगण्यावरून घातले, असें विचारतील. मग तुझें नांव सांगावें लागेल."

पैशाची फसवणूक अशी चार माणसांतून येते. प्रीतीची एकांतांतून येते. हल्लीं ती दूरध्वनीच्या पडद्यावरून येते. परदेशांतला डॉक्टर, सीमेवरचा लष्करी अधिकारी, विधुर अभियंता, असें कांहीं नांव व कोणाची तरी चोरलेली तसबीर घेऊन एक मनुष्य एखाद्या प्रौढ कुमारिकेशीं, विधवेशीं किंवा एकट्या पडलेल्या गृहस्थाशीं बोलूं लागतो. महिना दोन महिने तो कांहींच मागत नाहीं. मग भेटवस्तूंचें पुडकें सीमाशुल्कांत अडकतें, किंवा प्रेमाच्या जोडीला गुंतवणुकीचा सल्ला येतो. आपण त्या पुडक्याची गोष्ट ऐकून हंसतों, पण आधींचे दोन महिने विसरतों. त्या दोन महिन्यांत त्यानें रोज रात्रीं विचारलेलें असतें, "जेवलात का?" त्या घरांत हा प्रश्न कित्येक वर्षांत कोणी विचारलेला नसतो. येथें साक्षीदार तीन नसतात, एकच असतो. पण तो रोज येतो, आणि बोकड अमंगळ आहे असें न सांगतां उलट तूं मंगल आहेस असें सांगतो. अशा माणसाला पारखून घेण्याची बुद्धि कोणाला होईल?

या फसवणुकीवर मराठींत एक मोठी कृति आहे : आचार्य अत्रे यांचें 'तो मी नव्हेच'. माधव काझी याच्या गाजलेल्या खटल्यावरून रचलेलें हें नाटक १९६२ सालीं रंगभूमीवर आलें, आणि फिरत्या रंगमंचामुळें व प्रभाकर पणशीकरांच्या पांच भूमिकांमुळें तें घरोघरीं पोंचलें. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे आरोपी म्हणून कोर्टांत उभा आहे. एकेक साक्ष होते, रंगमंच फिरतो, आणि दिवाकर दातार, कॅप्टन अशोक परांजपे, राधेश्याम महाराज, दाजीशास्त्री दातार अशीं सोंगें आपल्यापुढें येतात. नुसतीं नांवें वाचलीं तरी या माणसाचें शास्त्र ध्यानांत येतें. एकांत लष्करी रुबाब आहे, एकांत शास्त्रीबुवांची प्रतिष्ठा आहे, एकांत बुवापणाचें तेज आहे. ज्या घराला ज्याचें वजन, तें रूप त्या घरीं. जॉन्सनच्या नाटकांत गिऱ्हाईक ठकाच्या दारीं जातें. येथें ठक गिऱ्हाइकाच्या घरीं येतो, आणि येतो तो सोनें घेऊन नव्हे, जांवई होऊन येतो. मुलगी चांगल्या घरीं पडावी ही आईबापांची इच्छा लोभ म्हणावयाची कीं कर्तव्य? अत्र्यांनीं हा प्रश्न नाटकाच्या पायांत घातला, आणि त्यामुळेंच त्यांच्या फसलेल्या माणसांना हंसणें कठीण झालें. ज्या काळीं फसलेल्या मुलीचें नांव चार भिंतींत पुरून टाकीत, त्या काळीं या बायका भर कोर्टांत येऊन 'हाच तो' म्हणून बोट दाखवितात. आपल्या रंगभूमीवर फसलेल्यांना इतका मान पूर्वीं क्वचितच मिळाला असेल.

आणि तरीहि या नाटकाचा एक दोष मला सांगितला पाहिजे. मात्र तो अत्र्यांचा किती व आपला किती हें मला ठरवितां येत नाहीं. नाटकाचें नांवच आरोपीचें वाक्य आहे. प्रेक्षक त्या वाक्याची वाट पाहतो, तें आलें कीं टाळी देतो, आणि पुढचें सोंग कोणतें याची उत्कंठा धरून बसतो. आमच्या पिढीच्या मित्रांच्या एका बैठकींत मीं विचारलें, "लखोबाचीं सोंगें सांगा." चौघांनीं मिळून सगळीं सांगितलीं, दोघांनीं आवाज काढून दाखविले. मग मीं विचारलें, "आणि कोर्टांत आलेल्या त्या बायकांचीं नांवें?" एकालाहि येईनात. मलाहि आलीं नाहींत. तो भामटा आहे हें पहिल्या अंकापासून ठाऊक असून, तिकीट काढून, आम्ही पुन्हां पुन्हां त्याच्याकडे गेलों. ज्यांस हें ठाऊक नव्हतें त्या बायकांना 'कळलें कसें नाहीं' असें विचारण्याचा आम्हांस काय अधिकार?

आतां पुन्हां शिर्डीकडे येतों, कारण तेथल्या लोकांना मारलेला तो टोमणा मला विसरतां येत नाहीं. शिर्डींत पाऊल ठेवणाराच्या दृष्टीस 'श्रद्धा' आणि 'सबुरी' हे शब्द जागोजाग पडतात. ठकालाहि नेमक्या याच दोन गोष्टी लागतात : पैसे घेतांना श्रद्धा, आणि हप्ते थांबल्यावर सबुरी. म्हणून श्रद्धाळू गांव फसतें, असा निष्कर्ष काढणें सोपें आहे. पण ज्या ग्रंथानें ही जोडी घरोघर पोंचविली त्या 'श्रीसाईसच्चरिता'तली हेमाडपंतांनीं सांगितलेली कथा वेगळें कांहीं सांगते. राधाबाई देशमुख नांवाची एक वृद्धा बाबांनीं कानमंत्र द्यावा म्हणून अन्नपाणी सोडून बसली. ती सर्वस्व द्यावयास तयार होती; कानांत दोन अक्षरें पुटपुटलीं असतीं तर जन्मभर दासी होऊन राहिली असती. बाबांनीं मंत्र दिला नाहीं. आपल्या गुरूनें आपणाकडे दोनच पैसे मागितले, आणि ते नाण्याचे नव्हते, निष्ठा व सबुरी हेच ते दोन पैसे, एवढें सांगून तिला उपासावरून उठविलें. श्रद्धेच्या शिकवणुकीचें हें प्रकरण एका नकारावर उभें आहे, हें आपण पाहत नाहीं. समोरचा आपण होऊन फसावयास तयार असतां जो नाहीं म्हणतो, तो श्रद्धेला पात्र. ठक कधीं नाहीं म्हणत नाहीं. बसथांब्यावर यात्रेकरूच्या मागें लागणारा पॉलिशवाला दर्शन, खोली, प्रसाद, सगळ्यालाच हो म्हणतो. गुंतवणुकीचा दलाल प्रत्येक शंकेला हो म्हणतो. पडद्यावरचा प्रियकर प्रत्येक स्वप्नाला हो म्हणतो. लखोबानेंहि घरोघरीं होकारच दिला. त्याचा पहिला नकार कोर्टांत निघाला, आणि तोच नाटकाचें नांव झाला. तेव्हां शिर्डीच्या लोकांची श्रद्धा अधिक झाली असें मी म्हणणार नाहीं. श्रद्धेच्या पोटांत असलेला तो नकार आपण सर्वांनींच त्या शब्दांतून काढून टाकला आहे.

कायदे आहेत. बक्षिसी भिश्या व पैशांच्या साखळी योजना बंद करणारा कायदा १९७८ सालचा आहे. ठेवीदारांच्या रक्षणाकरितां महाराष्ट्रानें १९९९ सालीं स्वतंत्र कायदा केला. अनियंत्रित ठेवींविरुद्ध देशाचा कायदा २०१९ सालीं झाला. पडद्यावरच्या फसवणुकीची वर्दी देण्यास १९३० हा दूरध्वनिक्रमांक आहे, आणि तेथें जितकें लवकर कळवावें तितकी रक्कम अडकवून ठेवण्याची आशा अधिक असते. पण हे सर्व उपाय कोणीतरी तोंड उघडल्यावर जागे होतात, आणि फसलेल्याचें तोंड बंद कोण करतो? ठक तर निघून गेलेला असतो. मागें राहतें तें आपलें हंसूं. त्या हंसण्याच्या भयानें विधवा भावाला सांगत नाहीं, बाप मुलाला सांगत नाहीं, नवरा बायकोला सांगत नाहीं. आणि ते गप्प बसतात तोंवर तोच मनुष्य पुढच्या गांवीं कार्यालय उघडतो. ठकाच्या धंद्याला लागणारें अखेरचें भांडवल आपण पुरवितों, आणि त्यावर व्याजहि मागत नाहीं.

लोभी भुजंगनाथ आपल्या रंगभूमीनें दाखविला, मोहक लखोबा दाखविला. ज्याला स्वतःला पहिला हप्ता मिळाला आणि ज्यानें प्रेमापोटीं दुसऱ्याला वाटेस लावलें तो पँक्स आमच्या नाटकांत कोणीं रंगविलेला माझ्या पाहण्यांत नाहीं. तो रंगवावयास हवा. कारण तो परका नव्हे, त्याला आरशांतहि पाहतां येतें. गेल्या चैत्रांत अक्काला घेऊन मी पोलीसठाण्यांत गेलों. तिची तक्रार लिहून घेणाऱ्यानें रक्कम विचारली, तारीख विचारली, आणि मग तिला ज्याचें भय होतें तो प्रश्न विचारला, "कोणाच्या सांगण्यावरून?" अक्का खालीं पाहूं लागली. मीं खुर्ची पुढें ओढली आणि म्हटलें, "लिहा. तो मीच."